पदपथ आहे, पण पाऊल वळत नाही



रस्त्याला पदपथ असूनही पुष्कळ माणसे डांबरी रस्त्यावरून चालतात. त्यांना बेशिस्त म्हणून आपण मोकळे होतो. पदपथ का टाळता, असे मात्र विचारत नाही. त्याविषयी आज आम्ही दोन शब्द बोलणार आहोत.

मुंबईचे उदाहरण घेऊ. वांद्रे पूर्वेला २००८ साली शहरातला पहिला स्कायवॉक सुरू झाला. पुढे अनेक रेल्वे स्थानकांबाहेर असे पूल उभे राहिले. गर्दी वरून जावी, खालचा रस्ता मोकळा व्हावा, हा हेतू चांगलाच होता. तरीही पुष्कळ ठिकाणी माणसे पुलाखालूनच चालत राहिली. अभियंत्याला वरचा मार्ग सुरक्षित दिसला. गुडघे दुखणाऱ्या आजीला मात्र जिना दिसला आणि रात्री कामावरून परतणाऱ्या बाईला मधेच उतरता न येणारी निर्जन वाट दिसली.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असेही म्हटले आहे. ही मापे हवीतच. परंतु मापात बसलेला पदपथही दिवा बंद असेल तर रात्री ओस पडतो. जी भाजीवाली दिवसा अडचण वाटते, तिच्याच दिव्याचा रात्री आधार वाटतो.

ज्याच्याकडे गाडी आहे, तो गाडी काढतो. ज्याच्याकडे नाही, तो जीव मुठीत धरून वाहनांतून चालतो किंवा घरीच बसतो. मुलगी संध्याकाळची अभ्यासिका सोडते, म्हाताऱ्यांचे बाहेर पडणे थांबते. हे नुकसान कोणत्याही नकाशावर दिसत नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पदपथाचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे आणि पदपथ अपंगांनाही वापरता आले पाहिजेत. हक्क कागदावर मिळाला. तो पायाखाली आणणे आपल्या हाती आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. वही आणि टेप घेऊन आपल्या वस्तीतून स्थानकापर्यंत एकदा दिवसा, एकदा अंधार पडल्यावर चाला. उंची-रुंदी मोजा. आणि घराघरांतील आयाबहिणींना, वडीलधाऱ्यांना विचारा, कोणता रस्ता टाळता आणि का? ती उत्तरे मापांसह अर्जात लिहून वॉर्ड ऑफिसात द्या व पोच घ्या.