शिस्त कुणाची, भाकर कुणाची?

(राजगुरुनगर इथं तरुण कामगारांपुढे केलेलं भाषण)



तुमचं हे गाव मूळचं खेड. शिवराम हरी राजगुरू इथं १९०८ साली जन्मला, १९३१ साली लाहोरला फासावर गेला, आणि गावाला त्याचं नाव मिळालं. चांगलं झालं. पण हुतात्म्याचं नाव घेणं सगळ्यांनाच परवडतं, कारण हुतात्मा पगार मागत नाही. मी आज पगार मागणाऱ्या शिपायांबद्दल बोलणार आहे. त्यांची नावं शाळेत कुणी पाठ करून घेत नाही.

मी गोदीत हमाली करतो. मॅट्रिक झालो, पुढं जमलं नाही. म्हणून समुद्रावरच्या माणसांपासनंच सुरू करतो.

फेब्रुवारी १९४६. महायुद्ध संपून सहा महिने झालेले. युद्धात हजारो पोरं इंग्रजांच्या नौदलात आपखुशीनं भरती झाली होती. कुणी दोरी बांधून नेलं नव्हतं. मागं पोट लागलं होतं नि पुढं भरतीच्या जाहिरातीतली गोड आश्वासनं होती. आत गेल्यावर कळलं. दर्या एक, तोफ एक, मरण एक. पगार मात्र दोन. गोऱ्या खलाशाला जास्त, हिंदी खलाशाला कमी. जेवण नासकं. वर साहेबाच्या शिव्या : 'जंगली', 'कुलीची अवलाद'. ऐका, दोस्तांनो. कुली म्हणजे मी. माझा धंदा ही साहेबाची शिवी होती.

१८ फेब्रुवारीला मुंबईत कुलाब्याच्या 'तलवार' तळावरच्या खलाशांनी ताटं सारली आणि काम बंद केलं. संपसमिती झाली. एम. एस. खान अध्यक्ष, मदनसिंग उपाध्यक्ष. मागण्या काय? चांगलं जेवण द्या. गोऱ्यांइतका पगार नि भत्ता द्या. शिव्या देणाऱ्या साहेबावर कारवाई करा. आणि त्याच कागदावर पुढं : राजकीय कैदी सोडा, इंडोनेशियात पाठवलेलं हिंदी सैन्य माघारी आणा. डाळीपासून निघालेली माणसं एका कागदात इंडोनेशियापर्यंत पोचली! संप ७८ जहाजांवर गेला, वीस हजारांच्या आसपास खलाशी उतरले. मुंबईच्या गोरगरिबांनी त्यांच्यासाठी बंदरावर जेवण आणून दिलं. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या. रस्त्यावर गोळ्या चालल्या. परळला कमल दोंदे पडली. शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली.

आणि पुढारी? वल्लभभाई पटेलांनी सांगितलं, शरण जा. २३ तारखेला संपसमिती शरण गेली. सूड घेतला जाणार नाही असा शब्द होता. शेकडो खलाशी पकडले गेले, नोकरीतनं हाकलले गेले. नंतर पटेलांनी लिहिलं, लष्कराच्या शिस्तीला हात लावता येणार नाही, स्वतंत्र हिंदुस्थानालाही लष्कर लागणारच आहे. म्हणजे झेंडा बदलणार, शिस्त तीच राहणार. हाकललेल्या खलाशांना स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलानं परत घेतलं, ना पाकिस्तानच्या.

ही शिस्त काय चीज आहे ते अमेरिकेत बघा. तिथल्या गुलामांची मुक्तता जोतिबांना एवढी मोलाची वाटली की १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' त्यासाठी झटणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली. त्या यादवी युद्धात काळी माणसं आपण होऊन फौजेत आली. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातनं कपड्यांचे ३ कापून हातात ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीनं तो पगार घ्यायचंच नाकारलं. राज्य सरकार म्हणालं, फरक आम्ही भरतो. तेही नको म्हणाले! महिनोन्‌महिने फुकट लढले, पण कमी किमतीचा माणूस म्हणून सही केली नाही. दुसऱ्या पलटणीतला विल्यम वॉकर नावाचा सार्जंट, त्यानं १८६३ साली आपल्या शिपायांना घेऊन कप्तानाच्या तंबूपुढं बंदुका खाली ठेवल्या. २९ फेब्रुवारी १८६४ ला त्याला गोळ्या घातल्या. गुन्हा : बंड. आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्याच देशाच्या काँग्रेसनं समान पगाराचा कायदा केला. फेब्रुवारीत जे बंड होतं ते जूनमध्ये कायदा झालं. मधल्या चार महिन्यांत वॉकरची मागणी बदलली नव्हती. तो फक्त मेला होता.

आता आपल्या घरात या. १८९०च्या दशकात इंग्रजांनी महारांची पलटणीतली भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनीत निघालेले शिपाई. त्यांनी १८९४ साली अर्ज लिहिला. पुण्यात शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली पुन्हा मागणी केली. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा. एवढी वर्षं आपली माणसं काय मागत होती? नुसती भाकर? नुसता मान? अरे, गावकुसाबाहेरच्या माणसाच्या अंगावर वर्दी आली की भाकर नि मान एकाच दारातनं घरात येत होते. पोरांना शाळा मिळत होती. सुभेदार रामजींचं घर आठवा.

म्हणून कुणी शहाणा म्हणाला की पगाराचा प्रश्न हलका, पोटाचा, आणि क्रांती त्याच्यावरची, तर त्याला विचारा, बाबा, तू शेवटचा उपाशी कधी झोपलास? ताटात काय पडतं यावरनं माणसाला कळतं, मालकाच्या लेखी आपली किंमत काय. हिशेब तिथंच मांडलेला असतो.

तुम्ही चाकणला जाता, पिंपरीला जाता. एका लायनीवर कायम, कंत्राटी नि ट्रेनी शेजारी शेजारी उभे. नट तोच, घाम तोच. पगाराच्या चिठ्ठ्या वेगळ्या. ट्रेनी बोलला की म्हणतात, शिस्त पाळ. शिस्त आपल्यालाही पाहिजे. ७८ जहाजांवर एका हाकेनं काम थांबलं ती शिस्तच होती, आणि १३ डॉलरसाठी ७ नाकारणं ही तर फौजेतल्या कवायतीपेक्षा अवघड शिस्त.

तेव्हा उद्या पाळीवर गेलात की एवढं करा. शेजारच्याची चिठ्ठी बघा, आपली त्याला दाखवा. कायमवाल्यानं लाजू नये, कंत्राटीनं लपवू नये. दोन चिठ्ठ्या एका टेबलावर आल्या की पुढची मागणी आपोआप लिहिली जाते. ती लिहायला मॅट्रिकसुद्धा लागत नाही.