संगणकाची बाराखडी आणि जोयड्याचा विद्यार्थी

विसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात काळी नदीवर 101 मीटर उंचीचे सुपा धरण उभे राहिले आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सुपा हे तालुक्याचे जुने ठाणे जलाशयात बुडाले. कचेरी जोयड्यास आली आणि पुढे तालुकाही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. उठलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांची वसाहत रामनगरला झाली. घर आणि शेत सोडून निघालेल्या माणसाजवळ अशा वेळी एक वस्तू फार मोलाची ठरते. ती म्हणजे कागद. अमुक जमीन अमक्याची, हे सांगणारा कागद ज्याच्या गाठीशी असेल त्याचे म्हणणे कचेरीत ऐकले जाते.

आता हा कागदच संगणकात जाऊन बसला आहे. 2000 सालाच्या सुमारास कर्नाटक सरकारने ‘भूमि’ योजनेखाली जमिनीच्या सुमारे 2 कोटी नोंदी संगणकावर चढविल्या आणि तलाठ्याच्या हस्ताक्षरातील उताऱ्याची जागा छापील उताऱ्याने घेतली. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, सारे क्रमाक्रमाने त्याच वाटेने गेले. म्हणून दहावी झालेला जोयड्याकडील एखादा मुलगा किंवा मुलगी ‘संगणकाचा कोर्स करावा काय?’ असे विचारते, तेव्हा तो प्रश्न केवळ नोकरीपुरता नसतो. आपल्या घराचा कागद आपल्याला वाचता येईल की नाही, असाही त्याचा अर्थ असतो.

असे प्राथमिक अभ्यासक्रम आज अनेक आहेत. कारागीर प्रशिक्षण योजना 1950 साली देशात सुरू झाली. तिच्या अंतर्गत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून जोडारी व वीजकाम यांच्या जोडीने आता ‘कोपा’, म्हणजे संगणक चालविण्याचा व प्रोग्रॅमिंगमध्ये साहाय्य करण्याचा, एक वर्षाचा व्यवसायही शिकवितात. केंद्र सरकारच्या ‘नायलिट’ संस्थेचा ‘सीसीसी’ हा अभ्यासक्रम अवघ्या 80 तासांचा आहे. महाराष्ट्रात 2002 पासून ‘एमएस-सीआयटी’ घरोघरी ठाऊक झाला. नावे निरनिराळी असली तरी गाभा एकच: यंत्राची ओळख, लेखन, कोष्टके, इंटरनेट, आणि या साऱ्याची सुरक्षितता.

‘हातात मोबाइल आहे, मग शिकावयाचे उरले काय?’ असे पुष्कळ पालक म्हणतात. मोबाइलवर चित्र पाहणे आणि संगणकावर काम करणे यांत तेवढेच अंतर आहे, जेवढे एस. टी.त बसणे आणि ती चालविणे यांत. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला फाईल म्हणजे काय हे कळावे लागते. कपाट, कपाटातला खण, खणातली वही आणि वहीवरचे नाव ही उतरंड ज्याच्या मनात पक्की झाली, त्याचे लिहिलेले हरवत नाही. ज्याची ती झाली नाही, तो वर्षभर तेच पत्र पुन्हा पुन्हा टाइप करीत राहतो.

त्यानंतर कोष्टकाचा धडा येतो. अमेरिकेतील डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याने वर्गातील फळ्यावर पाहिले की, एक आकडा बदलला म्हणजे त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून नव्याने लिहावे लागतात. हे काम यंत्राने का करू नये, या विचारातून त्याने बॉब फ्रँक्स्टनच्या साहाय्याने घडविलेला ‘व्हिझीकॅल्क’ हा प्रोग्रॅम 1979 मध्ये बाजारात आला. तेच तत्त्व आज बचत गटाच्या हिशेबाला लागू पडते. वीस बायका दर आठवड्याला पन्नास रुपये भरतात, म्हणजे हजार रुपये जमतात. एकीने दोन आठवडे पैसे भरले नाहीत, दुसरीने कर्ज उचलले, तिसरीने व्याज दिले. वहीत यासाठी खाडाखोड करावी लागते. कोष्टकात एक चौकट दुरुस्त केली की बेरीज आपोआप सुधारते. मात्र सूत्र चुकीचे घातले, तर चूकही तितक्याच बिनबोभाटपणे सगळ्या पानावर पसरते! तोंडी हिशेब येणाऱ्यालाच ती चूक पकडता येते. गणिताचे पुस्तक मिटून चालावयाचे नाही, ते याचसाठी.

जोयड्याच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक पेच असतो, तो भाषेचा. घरी कोंकणी किंवा मराठी, कचेरीत कन्नड, आणि पडद्यावर इंग्रजी. उतारा कन्नडमध्ये निघतो. तो वाचून आजोबांना समजावयाचा असतो त्यांच्या बोलीत. पण याच ठिकाणी एक सोय आहे, आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. 1986 साली भारत सरकारने ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची कळफलकाची मांडणी प्रमाण ठरविली. आपल्या लिप्या ब्राह्मीच्या पोटी जन्मलेल्या आणि त्यांची वर्णमालाही एकाच घडणीची. म्हणून या मांडणीत ‘क’ची कळ देवनागरीला आणि कन्नडला एकच ठेवली आहे. स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. एका लिपीत बोटे बसली की दुसरीत टंकलेखनासाठी वेगळा सराव लागत नाही. केवळ अक्षर ओळखता यावे लागते. दोन लिप्यांच्या सीमेवर राहणाऱ्या मुलाला जे ओझे वाटते, तेच अशा रीतीने त्याचे भांडवल होऊ शकते.

अडचणी मात्र खऱ्या आहेत, आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तालुका विस्ताराने मोठा आणि वस्ती विरळ; बराचसा मुलूख काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्याचा. पाड्यावरून वर्गापर्यंत पोहोचणे हाच एक अभ्यास होऊन बसतो. पावसाळ्यात वीज जाते, मोबाइलची रेघ नाहीशी होते. ज्या काळी नदीच्या पाण्यावर एकट्या सुप्याचे वीजगृह 100 मेगावॅटचे आहे, तिच्या काठच्या मुलाने दिवा येण्याची वाट पाहावी, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. तथापि यंत्र बंद असले म्हणजे शिक्षण बंद, असेही नाही. कोष्टकाचे सूत्र कागदावर मांडता येते. कळफलक पुठ्ठ्यावर काढून बोटांना वळण लावता येते.

याहून मोठी अडचण अपेक्षेची आहे. प्रमाणपत्र हाती पडले की गोव्यात किंवा बेळगावात खुर्ची वाट पाहत असेल, असे मानून जो जातो तो बहुधा खिन्न होऊन परततो. 80 तासांत कोणी अभियंता होत नाही. शहरातील कचेरी वेग, इंग्रजी आणि हिशेबाच्या प्रोग्रॅमचा सराव मागते. हे शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगावे, म्हणजे पुढे फसवणूक झाल्यासारखे वाटणार नाही. मात्र काम गावाजवळही आहे. कर्नाटकात 2022 पासून सुरू झालेली ‘ग्राम वन’ केंद्रे, सहकारी संस्था, बचत गट, गणेशगुडीकडे पर्यटकांना उतरवून घेणारी घरे, या सर्वांना स्वच्छ नोंद ठेवणारा माणूस लागतो.

अशा माणसाच्या हाती एक अधिकारही येतो. पूर्वी गावात एकच पत्र वाचणारा असे आणि त्याने वाचले ते खरे धरीत. आज जो दुसऱ्याचा अर्ज भरतो, त्याच्यापुढे म्हातारी माणसे अंगठा ठेवतात आणि फोनवर आलेला गुप्त आकडा विश्वासाने सांगतात. तो आकडा कोणास द्यावा, कोणास देऊ नये, आणि पैसे चोरीस गेलेच तर 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, हे शिकणे जितके आवश्यक, तितकेच त्या विश्वासाला जागणेही. दुसऱ्याचा कागद हाताळताना जिभेला आणि बोटांना लगाम हवा. हा धडा परीक्षेत विचारला जात नाही.

अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्याने एक काम अवश्य करून पाहावे. आपल्या घरच्या जमिनीचा उतारा काढावा, आजोबांना मोठ्याने वाचून दाखवावा, आणि त्यातील नाव आधारपत्रावरील नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. एका अक्षराच्या चुकीपायी वारसाची नोंद अडते. वनहक्काच्या दाव्याचेही तसेच. चूक सापडली, तर दुरुस्तीचा अर्ज स्वतः लिहून घ्यावा. ज्या तालुक्याने आपले ठाणे पाण्याखाली जाताना पाहिले, तेथील मुलाला एवढे साधले म्हणजे त्याचा अभ्यासक्रम सार्थकी लागला असे समजावे. प्रमाणपत्र नंतर फ्रेम करून भिंतीवर लावावयास हरकत नाही.