निर्धाराला ऊबही हवी



इंदूरच्या पुष्कळ घरांत मुलीच्या शिक्षणाची बोलणी आता टोरांटो, म्युनिकपर्यंत जातात. फी, व्हिसा, कर्ज, सगळ्याचा हिशेब होतो. प्रकृतीचा विषय मात्र ‘घेईल जमवून’ एवढ्यावर उरकला जातो. हे जमवून घेणं किती महाग पडतं, ते आनंदीबाई जोशींच्या चरित्रात दिसतं. 1883 साली, अठराव्या वर्षी, त्या फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात गेल्या. आहार-पेहराव सोडणार नाही, असं त्यांनी निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या जाहीर सभेत सांगितलं होतं. तिथल्या हिवाळ्यात शाकाहार सांभाळायचा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून लुगडं गुजराती पद्धतीनं नेसायचं. खोलीतली शेगडी धुरकट, म्हणजे एक तर धूर सोसायचा, नाही तर थंडी. 11 मार्च 1886 ला पदवी मिळाली आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या क्षयानं गेल्या. वय एकवीस.

कुणी म्हणेल, त्यांची प्रकृती आधीच नाजूक होती, क्षयावर तेव्हा औषधही नव्हतं; मग परदेशाला दोष का? दोष परदेशाला नाहीच. त्यांच्याच पिढीतल्या रखमाबाई 1889 मध्ये डॉक्टरकी शिकायला लंडनला गेल्या, परतून सुरत-राजकोटला रुग्णसेवा केली आणि नव्वदी गाठून 1955 साली गेल्या. तेव्हा बाईच्या जातीला परदेश मानवत नाही, हे खोटं. पण नाजूक प्रकृतीच्या मुलीला अधिक जपायला हवं होतं. आपण तिच्या सोसण्याचीच आरती केली. दुसरा आक्षेप असा, की आता हीटर, डाळ-तांदूळ, औषधं सगळं मिळतं. मिळतं, पण वरण-भात रांधायला वेळ लागतो, डॉक्टर गाठायला विम्याची माहिती लागते. आणि व्हिडिओ कॉलवर ‘मी मजेत आहे’ म्हणणारी मुलगी घरच्या कर्जाच्या धाकानं तसं म्हणत असेल, तर ते पडद्यावर दिसत नाही.

म्हणून मुलींनो, जरूर जा. पण निघण्याआधी सगळी तपासणी करून घ्या, विम्यात काय बसतं ते वाचा, समुपदेशकाची वेळ कशी मिळते ते विचारून ठेवा. पालकहो, मार्कांच्या आधी ‘जेवलीस का, झोप लागते का’ हे विचारा आणि तिला एखादं सेमिस्टर थांबावंसं वाटलं, तर थांबू द्या. आनंदीबाईंना नमस्कार करायचा असेल, तर त्यांच्यासारखी जिद्द पुढच्या मुलीच्या जिवावर बेतू न देणं, एवढं आज आपल्या हातात आहे.