छप्पर शाळेचं, हप्ता गावाचा



शाळेच्या खोल्या गळतात. दुरुस्तीला पैसा कोणी द्यायचा? हा प्रश्न अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातही आहे. तिथं शाळांचं निवडून आलेलं मंडळ इमारतीसाठी रोखे काढतं. रोखे म्हणजे कर्जच. ते फिटतं घर, दुकान आणि जमीन यांवरच्या जादा करातून. शेतकऱ्याच्या जमिनीवरही तो बसतो, पीक येवो न येवो. म्हणून मंडळाला परस्पर कर्ज काढता येत नाही. आधी मतदान.

पूर्वी दोन तृतीयांश मतं लागत. शंभरात चौतीस जण नाही म्हणाले की शाळा गळकीच. 2000 साली लोकांनी 39 क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला आणि 55 टक्के मतं पुरेशी ठरली. ही सूट फुकट मिळाली नाही. कोणती कामं करणार, त्याची यादी आधी द्यायची. पैसा पगाराकडे वळवायचा नाही. दरवर्षी हिशेब तपासायचा. वर नागरिकांची देखरेख समिती. तिच्यात पालक हवेत, करदात्यांच्या संघटनेचा माणूस हवा. मंडळाचा नोकर किंवा ठेकेदार चालत नाही.

एवढ्या अटी असूनही घात झालाच. सॅन दिएगोजवळच्या पोवे इथल्या मंडळानं 2011 साली सुमारे साडेदहा कोटी डॉलर उचलले. कराचा दर वाढायला नको म्हणून सुमारे वीस वर्षं हप्ताच ठेवला नाही. व्याजावर व्याज चढून परतफेड ठरली जवळजवळ शंभर कोटी! मुद्दलाच्या नऊपट! सावकारी व्याज आपल्याला कोणी शिकवायला नको. तेव्हा बाकावर बसलेलं पोर मोठं होऊन हे कर्ज फेडणार. 2013 साली राज्यानं कायदा केला: असल्या रोख्यांची परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर नको, मुदत पंचवीस वर्षांवर नको.

आपल्याकडे असं मतदान नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेला पैसा वरून येतो, म्हणून तो आपला वाटत नाही आणि हिशेब कोणी विचारत नाही. पण तोही आपल्याच करातून जातो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात. आलेलं अनुदान कुठं गेलं ते पाहणं हे या समितीचं काम आहे.

तेव्हा गावी गेल्यावर समितीच्या बैठकीला बसा. तीन गोष्टी विचारा: किती आले? कोणत्या कामाला आले? काम कोणी तपासलं? सही त्यानंतर करा.