काळा प्लग काय सांगतो?

कल्याणहून माळशेज घाट चढून पारनेरच्या पठारावर आलेली जुनी मोटारसायकल थोडे जास्त पेट्रोल खाऊ शकते, कारण उंचावर हवा विरळ असते. पण प्लग काजळीने माखला असेल, तर दोष बहुधा गाडीतच असतो.

पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे 14.7 पट हवा लागते. कच्च्या रस्त्याच्या धुळीने एअर फिल्टर तुंबला, की हवा कमी पडून हे गणित बिघडते आणि प्लग काळा पडतो. म्हणून आधी फिल्टर पाहावा. चोक अडकलेला नाही ना आणि कार्बोरेटरमधील फ्लोटची सुई गळत नाही ना, हेही तपासावे.

मग पेचकस! इंजिन गरम झाल्यावर कार्बोरेटरचा मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवावा. तो फिल्टरच्या बाजूला असेल, तर बाहेर काढल्यावर हवा वाढते; इंजिनच्या बाजूला असेल, तर आत घेतल्यावर पेट्रोल घटते. हा इलाज मुख्यतः आयडलिंगपुरता. गाडी पळताना काळा धूर निघत असेल, तर जेटच्या सुईची क्लिप एक खाच वर लावतात.

1 एप्रिल 2020 रोजी बीएस-6 नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत हवा-पेट्रोलाचे प्रमाण राखण्याचे काम फ्युएल इंजेक्शनकडे गेले. जुन्या गाडीचा प्लग फिकट तपकिरी दिसला, की ट्युनिंग जमले समजावे.