झाड कोणाचे?



शाळा आम्हांला फारशी लाभली नाही. वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये.

उष्ण प्रदेशात जमिनीत घातलेला पालापाचोळा आणि शेणखत ऊन व ओल यांनी झपाट्याने कुजते, वायू होऊन जाते. थंड देशांत ते पुष्कळ टिकते. इकडे पुन्हा पुन्हा घालावे लागते. त्यासाठी शेतात झाड हवे, दावणीला जनावर हवे.

आफ्रिकेतल्या नायजर देशात गाओ नावाचे काटेरी झाड आहे. पावसाळ्यात ते पाने झाडते, म्हणून खालच्या बाजरीला सावलीचा जाच नाही. उन्हाळ्यात मात्र हिरवे. गुरे सावलीला येतात, शेंगा खातात, तिथेच शेण टाकतात. इतका गुणी कामगार आम्ही पाहिला नाही! तरी शेतकरी असल्या झाडांचे फुटवे छाटून टाकीत. कायद्याने झाड सरकारचे, फांदी तोडली की दंड. १९८० नंतर ती पकड ढिली झाली, फुटवे राखले जाऊ लागले, आणि सुमारे वीस वर्षांत ५० लाख हेक्टरांवर झाडे उभी राहिली.

आपल्याकडे हाच पेच बटईदारापुढे आहे. १९४८ च्या कुळकायद्यात बटईदाराचे नाव लागेल, या धास्तीने मालक बटई तोंडी ठेवतो, तीही वर्षाची. शेणखताचा गुण दोन-तीन वर्षे पुरतो. मग त्याने बांधावर गिरिपुष्प लावावे कोणासाठी? करार लेखी आणि पाच वर्षांचा हवा, झाडातला वाटा त्यात लिहिलेला हवा. मालकाची धास्तीही कायद्यानेच घालवावी. कशी, ते प्रश्नोत्तरांत बोलू.