फोन ॲप का घेत नाही?

२०२५च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे आपल्या सीसीआयने, हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' हे ॲप आणलं. नोंदणी त्यावर, आणि कापूस कोणत्या दिवशी न्यायचा तो स्लॉटही त्यावरच. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव होता. तो पदरात पडायचा तर आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला, जैनथ, तलमडगू, इचोड्याच्या शेतकऱ्याच्या फोनवर आधी ॲप चालायला हवं. ते इन्स्टॉल झालं नाही, की 'फोन बिघडला' किंवा 'हे आपल्याला जमायचं नाही' असं म्हणून माणूस मोकळा होतो. माझं म्हणणं असं, की बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. फोन नकार देतो तेव्हा काही ना काही कारण पडद्यावर दाखवतो. ते न वाचता तेच बटण पुन्हा पुन्हा दाबणं म्हणजे दुखणं न विचारता गोळी देणं.

सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे जागा नाही. ॲप पन्नास एमबीचं असलं तरी तेवढीच जागा पुरत नाही. आधी फाइल उतरते, मग ती उलगडते, म्हणून जागा बरीच जास्त लागते. पुष्कळजण फोटो आणि व्हॉट्सॲपचे व्हिडिओ पुसतात, तरी फोन जागा नाही म्हणतो आणि माणूस हात टेकतो. पुसलेले फोटो लगेच जात नाहीत, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. गुगल फोटोजमध्ये ते कचरापेटीत निदान महिनाभर पडून राहतात आणि जागा अडवतात. ती पेटी रिकामी केली की काम होतं. दुसरं कारण, डाउनलोड नुसतंच 'प्रलंबित' दाखवत राहतं. तेव्हा प्ले स्टोअर इतर ॲप्स अपडेट करत असतं, किंवा फक्त वायफायवरच डाउनलोड करायचं असं सेटिंग असतं. रांगेतली बाकीची ॲप्स थांबवा, सेटिंग बदला. फोनची तारीख चुकलेली असली तरी प्ले स्टोअर नीट जोडलं जात नाही, तीही एकदा पाहून घ्यावी. 'हे ॲप तुमच्या डिव्हाइसवर चालत नाही' असा संदेश आला, तर मात्र बहुतेक वेळा फोनमधलं अँड्रॉइड जुनं असतं, आणि तिथे खटपट करून उपयोग नाही. घरातल्या दुसऱ्या फोनवर ॲप घ्यावं. नोंदणी मोबाइल नंबर आणि ओटीपीवर होते, आणि ओटीपी साध्या बटणाच्या फोनवरही येतो.

काहीजण म्हणतील, एवढं कशाला? गावातल्या कुणीतरी व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲपची सुटी फाइल पाठवली, ती दाबली की झालं. यालाच माझा सगळ्यात मोठा विरोध आहे. प्रत्येक खऱ्या ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. आधीच्या ॲपशी नव्या फाइलची सही जुळली नाही, तर फोन 'ॲप इन्स्टॉल झालं नाही' म्हणतो. तो आपलं रक्षण करत असतो. पण आपण ॲप्स तपासणारं प्ले प्रोटेक्ट बंद करतो, अनोळखी ॲप्सना परवानगी देतो आणि दार स्वतःच उघडतो. पीएम किसानच्या किंवा वाहनाच्या ई-चलानाच्या नावाने फिरणाऱ्या अशा फाइली एसएमएस वाचायची परवानगी मागतात. ती मिळाली की बँकेचा ओटीपी भामट्याच्या हातात जातो. फाइल पाठवणारा ओळखीचा असला म्हणून फाइल खरी ठरत नाही, कारण अशी ॲप्स एकाच्या फोनवरून दुसऱ्याला तीच फाइल आपोआप पाठवू शकतात.

संदेश इंग्रजीत येतो, तो वाचायचा कसा, ही अडचण खरी आहे, पण सुटण्याजोगी. सेटिंगमध्ये भाषा मराठी किंवा तेलुगू करा, प्ले स्टोअरचे बहुतेक संदेशही त्याच भाषेत येतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे सगळं शेतकऱ्याने का शिकावं? तो मला मान्य आहे. ॲप किती जुन्या फोनवर चालावं हे बनवणारा ठरवतो, शेतकरी नाही. ज्या ॲपशिवाय हमीभाव मिळत नाही, ते गावातल्या जुन्यातल्या जुन्या फोनवर चालवून पाहिल्याशिवाय सक्तीचं करू नये. आणि रयतू वेदिकेत, म्हणजे शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी सभागृहात, कृषी विस्तार अधिकाऱ्याने नोंदणी करून द्यायची सोय हंगामभर, ठरलेल्या वेळी हवी. संदेश वाचता येणं हा त्या सोयीला पर्याय नाही. पण ती सोय होईपर्यंत फसवणुकीपासून संदेश वाचणंच आपल्याला वाचवतं.

म्हणून ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या, बनवणाऱ्याच्या जागी कापूस महामंडळाचं नाव आहे ना ते पाहा, आणि चुकून एखादी फाइल उघडून खात्यातून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा.